गदा दिसली, हातोडा दिसला नाही

१९८८ ते १९९० या काळात रविवारची सकाळ म्हणजे दूरदर्शनवरचे 'महाभारत', हे समीकरण होते. बारामती असो की इंदापूर, गावात टीव्ही मोजकेच. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओसरीवर, दारात, खिडकीत माणसांची दाटी. पडद्यावर साडेसहा फूट उंचीचा, रुंद खांद्यांचा भीम गदा घेऊन यायचा आणि पोरे ओरडायची. आपल्या वस्त्यांत भीम हे नाव वेगळ्या आणि फार मोठ्या अर्थाने घेतले जाते, तो भाग निराळा. पण पडद्यावरच्या त्या भीमाला ओळखत नाही असा माणूस त्या पिढीत सापडणार नाही.

त्या नटाचे नाव प्रवीणकुमार सोबती. त्यांची गदा नाटकातली होती. मात्र त्याच हातांनी त्याआधी वीस-बावीस वर्षे जे लोखंड फेकले, ते खरे होते. हा माणूस हातोडाफेक आणि थाळीफेक या दोन खेळांतला आंतरराष्ट्रीय खेळाडू होता. राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी हातोडाफेकीचे रौप्यपदक मिळवले होते, आशियाई स्पर्धेत सुवर्णपदके मिळवली होती, दोन ऑलिंपिकमध्ये ते भारताकडून उतरले होते. हे किती जणांना ठाऊक आहे? खोटी गदा घराघरांत पोहोचली आणि खरा हातोडा कुणालाच दिसला नाही. असे का झाले, आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, याचा विचार आज करायचा आहे.

प्रथम त्यांची कारकीर्द पाहू. जन्म १९४७ चा, पंजाबातल्या सरहाली गावचा. नोकरी सीमा सुरक्षा दलात. या दलाची स्थापना १ डिसेंबर १९६५ ची. दलाला खेळाडू हवे होते आणि खेळाडूला पोटापाण्याची शाश्वती हवी होती. १९६६ हे त्यांचे मोठे वर्ष. त्या वर्षी जमैका देशातील किंग्स्टन येथे राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. तिथे त्यांनी हातोडा ६०.१२ मीटर फेकला आणि रौप्यपदक पटकावले. सुवर्णपदक इंग्लंडच्या हॉवर्ड पेन यांना मिळाले. त्यांची फेक ६१.९८ मीटरची होती. म्हणजे फरक दोन मीटरसुद्धा नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी थाळीफेकीचे सुवर्ण आणि हातोडाफेकीचे कांस्य अशी दोन पदके घेतली. १९६७ साली अर्जुन पुरस्कार मिळाला.

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ते हातोडाफेकीत उतरले. ६०.८४ मीटर फेकून विसावे आले. तिथे सुवर्णपदक मिळवणाऱ्या हंगेरीच्या ग्युला झिवोत्स्कीची फेक ७३.३६ मीटर होती. साडेबारा मीटरचे अंतर! राष्ट्रकुलात दुसरा आलेला आपला माणूस जगाच्या मैदानात एवढा मागे का राहिला, हा प्रश्न पुढे घेऊ. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ५२.३८ मीटर थाळी फेकून त्यांनी सुवर्ण राखले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये थाळीफेकीत भाग घेतला. १९७४ च्या तेहरान आशियाई स्पर्धेत थाळीफेकीचे रौप्य मिळवले. पुढे पाठीच्या दुखण्याने मैदान सुटले. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या सिनेसृष्टीने त्यांचा देह पाहून काम दिले आणि मग आला भीम.

अखेरच्या काळात त्यांची तक्रार वर्तमानपत्रांतून आली. सीमा सुरक्षा दलाचे निवृत्तिवेतन त्यांना मिळत होते, परंतु पदकविजेत्या खेळाडूंना पंजाब सरकार जे निवृत्तिवेतन देते ते आपल्याला कोणत्याच सरकारने दिले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ७ फेब्रुवारी २०२२ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी बातम्यांचे मथळे एकच होते, 'महाभारतातील भीम गेला'. हातोडाफेकपटू गेला, असा मथळा कुठे शोधूनही सापडला नसता.

वाचकहो, यात एका माणसावर अन्याय झाला एवढेच म्हणून थांबता येणार नाही. कोणत्या ताकदीचे कौतुक करायचे आणि कोणत्या ताकदीकडे पाठ फिरवायची, याची या देशाला एक जुनी सवय आहे. पुराणातल्या बळाची आरती होते. मैदानात घाम गाळून, मोजपट्टी लावून सिद्ध केलेले बळ मात्र कागदाच्या कोपऱ्यात पडून राहते. पुराणातल्या बळाला पुरावा लागत नाही. मैदानातले बळ सेंटीमीटरपर्यंत मोजले जाते, आणि मोजले की कोण कुठे आहे ते कळते.

आता हा हातोडा म्हणजे नेमके काय, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे, कारण नावावरून गैरसमज होतो. लाकडी दांड्याचा लोहाराचा हातोडा तो नव्हे. तो एक लोखंडी गोळा असतो, त्याला पोलादी तार जोडलेली असते आणि तारेच्या टोकाला पकडायची मूठ असते. पुरुषांच्या हातोड्याचे वजन ७.२६ किलो आणि महिलांच्या हातोड्याचे ४ किलो. मूठ ते गोळा अशी एकूण लांबी सव्वा मीटरच्या आत. खेळाडू २.१३५ मीटर व्यासाच्या सिमेंटच्या वर्तुळात उभा राहतो, पाठ मैदानाकडे. आधी हातोडा डोक्याभोवती फिरवतो, मग स्वतः त्याच्यासोबत तीन किंवा चार गिरक्या घेतो आणि सोडतो. वर्तुळाबाहेर पाय पडला की फेक बाद. ठरवून दिलेल्या पट्ट्याबाहेर गोळा पडला तरी बाद. चांगल्या फेकीत सोडताना गोळ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात जातो आणि शेवटच्या गिरकीत तो खेळाडूच्या हातांना तीनशे किलोच्या आसपास ओढ देतो. पुरुषांचा जागतिक विक्रम सोव्हिएत संघाच्या युरी सेदिखच्या नावावर आहे, ८६.७४ मीटर, १९८६ सालचा. कबड्डीचे मैदान तेरा मीटर लांब असते. अशी साडेसहा मैदाने एकापुढे एक ठेवा, म्हणजे त्या फेकीचा अंदाज येईल.

हे वर्णन वाचून कुणी म्हणेल, हा तर रेड्यासारख्या ताकदीच्या माणसाचा खेळ. तसे नाही. नुसत्या ताकदीने गोळा फेकणारा माणूस दुसऱ्या गिरकीतच वर्तुळाबाहेर जातो. पायाची टाच कधी फिरवायची, चवडा कधी टेकवायचा, कंबर किती खाली ठेवायची, गोळा सर्वांत खाली कुठे आला पाहिजे, हे सगळे शिकावे लागते. ते शिकायला आठ-दहा वर्षे लागतात. म्हणून या खेळातले विजेते बहुधा पंचविशी-तिशी ओलांडलेले असतात. आठ-दहा वर्षे दररोज फेकायला सिमेंटचे वर्तुळ हवे, भोवती उंच जाळीचा पिंजरा हवा, शिकवणारा हवा, पोटभर सकस अन्न हवे, आणि घरच्यांना 'पोरगा काही कमवत नाही' असे म्हणायची वेळ येऊ नये म्हणून नोकरी हवी. एवढे मिळाले तर कारकीर्द होते. नाही मिळाले तर नुसती ताकद राहते, आणि ताकद दुसऱ्याच्या कामाला जुंपली जाते.

या खेळाचा जगाचा इतिहास हेच सांगतो. हातोडाफेक ऑलिंपिकमध्ये आली १९०० साली. १९००, १९०४ आणि १९०८ अशी लागोपाठ तिन्ही सुवर्णपदके जॉन फ्लॅनगन या एकाच माणसाने जिंकली. तो अमेरिकेकडून खेळला, पण जन्माने आयरिश, लिमरिक परगण्यातला. त्या काळी अमेरिकेत आयरिश माणसाला कमी लेखले जाई. अंगमेहनतीची, धोक्याची कामे त्यांच्या वाट्याला. फ्लॅनगन न्यूयॉर्कच्या पोलिसात नोकरीला होता. त्याच्यानंतर १९१२ साली सुवर्ण जिंकणारा मॅट मॅकग्राथ, तोही आयरिश आणि तोही न्यूयॉर्कचा पोलीस. म्हणजे नोकरीने पोट सांभाळले आणि मैदानाने मान दिला. आणि आयर्लंड ब्रिटिशांच्या जोखडातून सुटल्यावर त्या नव्या देशाला पहिले ऑलिंपिक सुवर्ण कोणी दिले? १९२८ साली ॲमस्टरडॅमला पॅट ओकॅलहान या डॉक्टरने, आणि तेही हातोडाफेकीतच. १९३२ साली त्याने ते पुन्हा जिंकले. ज्या समाजाला जग मजूर म्हणून ओळखत होते, त्या समाजाने त्याच मनगटाच्या जोरावर जगाकडून टाळ्या घेतल्या.

दुसरे उदाहरण आशियातले, जपानचे. आशियाई माणूस ठेंगणा, त्याचे हे काम नव्हे, असे म्हणणाऱ्यांना मुरोफुशी पिता-पुत्रांनी उत्तर दिले. वडील शिगेनोबू मुरोफुशी यांनी १९७० पासून १९८६ पर्यंत सलग पाच आशियाई स्पर्धांत हातोडाफेकीचे सुवर्ण जिंकले. मुलगा कोजी त्यांच्याच हाताखाली तयार झाला. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्याची फेक ८२.९१ मीटरची होती. पहिला आलेला हंगेरीचा ॲड्रियन अनुश उत्तेजकविरोधी चाचणीच्या नियमात सापडला आणि बाद झाला, तेव्हा सुवर्ण कोजीला मिळाले. २०११ साली तो जगज्जेता झाला आणि २०२० साली जपान सरकारच्या क्रीडा विभागाचा आयुक्त झाला. खेळाडूच्या हाती खेळाचा कारभार दिला गेला, ही गोष्ट आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे. शिगेनोबूने मुलाला वारसा दिला तो मैदानाचा, विद्येचा आणि शिस्तीचा.

आता आपल्याकडे या. आपल्याकडेही बापाच्या हातातले लोखंड पोराच्या हातात येते. वडार समाजाच्या पिढ्यान् पिढ्या घण आणि पहार घेऊन दगड फोडत आल्या. रस्ते, धरणे, कालवे, विहिरी त्यांच्या घामावर उभ्या राहिल्या. घिसाडी समाजाची माणसे भाता पेटवून रस्त्याच्या कडेला लोखंड ठोकत आली, आणि त्यांच्या बायाही घण मारत आल्या. महार, मांग समाजाने गावकीची, ओझ्याची, अंगमेहनतीची सगळी कामे केली. घण मारताना कंबर कशी वळते, पाय कसा रोवतात, लोखंड खांद्यावरून खाली आणताना श्वास कधी सोडतात, हे यांच्या अंगवळणी पडलेले. असे असताना या देशाच्या हातोडाफेकीच्या वर्तुळात ही मुले किती दिसतात? घणाचा वारसा मिळाला, वर्तुळाचा नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिप्रथेच्या उच्चाटनावर लिहिताना दाखवून दिले की जात ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे आणि ती उतरंडीने रचलेली आहे. खेळाच्या मैदानात हे वाक्य जसेच्या तसे लागू पडते. ज्याने श्रम करायचे त्याने मोबदल्यात पोट भरायचे, आणि त्याच अंगबळाचा मान मात्र दुसऱ्या कुणाला.

पुण्याच्याच मातीत याचा पुरावा आहे. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले खेळाडू. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर ते खेळपट्टी सारवण्याचे, रूळ फिरवण्याचे काम करीत. तिथेच साहेबांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकता टाकता ते देशातले अव्वल डावखुरे गोलंदाज झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच दिले गेले नाही. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सवर्ण गडी झेलत, पण चहापानाच्या वेळी त्यांचा पेला वेगळा, मातीचा. कर्णधारपदासाठी त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ साल उजाडावे लागले. बाळूंना मैदान कसे मिळाले? ते त्या मैदानाचे नोकर होते म्हणून. नोकर म्हणून का होईना, पाय मैदानात पडला आणि गुण दिसले. पाय पडलाच नसता तर?

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांकडे या दृष्टीने पाहावे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी इथे एकोणिसाव्या शतकात आले. वालचंदनगरला गेल्या शतकाच्या पूर्वार्धात साखर कारखाना उभा राहिला. पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी असे सहकारी कारखाने झाले. उजनीच्या पाण्याने इंदापूरची एक बाजू भिजली आणि काही गावे त्या पाण्याखाली गेली. महाविद्यालये झाली, वसतिगृहे झाली. विकासाचे उदाहरण म्हणून देशभरातून माणसे पाहायला येऊ लागली. बारामतीत बाबासाहेबांच्या नावाचे स्टेडियम आहे आणि २०२० च्या फेब्रुवारीत तिथे रणजी करंडकाचा सामनाही झाला. नाव बाबासाहेबांचे, याचा आनंद आहे. परंतु क्रिकेटपलीकडच्या खेळांना, फेकीच्या खेळांना, ज्यात गरिबाच्या पोराला सामान कमी आणि मेहनत जास्त लागते अशा खेळांना दोन्ही तालुक्यांत कितपत जागा आहे, हा प्रश्न त्या नावाच्या साक्षीने विचारावाच लागेल.

याच दोन तालुक्यांत दर हंगामात बीड, अहिल्यानगरकडची हजारो माणसे ऊस तोडायला येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला पहाटे अंधारात फड गाठायचा. उसाची चाळीस किलोच्या आसपासची मोळी डोक्यावर घेऊन बाई अरुंद फळीवरून ट्रकवर चढते. हे एकदा नव्हे, दिवसभर. त्या बाईच्या मानेतले, पाठीतले, पोटऱ्यांतले बळ कुठल्या व्यायामशाळेत तयार झाले नाही. तिची मुलगी कोपीपाशी धाकट्या भावाला सांभाळत बसलेली असते, शाळा सहा महिने बुडालेली असते. जिल्हा क्रीडा स्पर्धेच्या यादीत तिचे नाव कुठून येणार? खेळाडू होण्याआधी शाळेच्या हजेरीपटावर नाव असावे लागते.

आणि अशक्य काहीच नाही, हेही त्याच मुलखाने दाखवले. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे. आई-वडील शेतीबरोबर वीटभट्टीवर राबलेले. बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनच्या बर्फात नोकरी केली. पुढे सैन्यानेच धावण्याकडे आणले. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंद अशी वेळ देऊन त्याने रौप्य मिळवले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठली. महार रेजिमेंटची उभारणी १९४१ साली व्हावी म्हणून बाबासाहेबांनी सरकारशी किती भांडण केले, हे आपण जाणतो. त्यांनी मागितलेल्या एका दरवाजातून ऐंशी वर्षांनी एका कष्टकऱ्याचा मुलगा ऑलिंपिकपर्यंत गेला. दरवाजा उघडून ठेवला की कोण, कधी, कुठवर जाईल ते सांगता येत नाही. सोबतींना सीमा सुरक्षा दल, फ्लॅनगनला न्यूयॉर्क पोलीस, साबळेला सैन्य. प्रत्येक कारकिर्दीच्या मुळाशी एक संस्था आहे.

मुलींच्या बाबतीत तर दरवाजा उशिरा उघडला. महिलांची हातोडाफेक ऑलिंपिकमध्ये आली ती थेट २००० साली, सिडनीत. पुरुषांनंतर शंभर वर्षांनी! बाईला हे जमायचे नाही, असे जगभरच्या शहाण्यांचे मत होते. त्या पहिल्याच स्पर्धेत पोलंडच्या कामिला स्कोलिमोव्स्का या सतरा वर्षांच्या मुलीने ७१.१६ मीटर फेकून सुवर्ण जिंकले. पुढे पोलंडच्याच अनिता व्लोदार्चिकने २०१६ साली ८२.९८ मीटरचा जागतिक विक्रम केला. भारतात राजस्थानच्या चुरू जिल्ह्यातील मंजू बाला हिने २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत ६०.४७ मीटर फेकून कांस्य मिळवले. चीनची खेळाडू उत्तेजक प्रकरणात बाद ठरली तेव्हा मंजूचे पदक रौप्य झाले आणि ती खेळाडू निर्दोष ठरली तेव्हा पुन्हा कांस्य झाले. २०१७ साली उत्तर प्रदेशच्या सरिता सिंहने ६५.२५ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला. जागतिक विक्रमापासून ही फेक साडेसतरा मीटर मागे आहे. १९६८ साली सोबती विजेत्यापासून साडेबारा मीटर मागे होते, हे आठवा. हे अंतर मनगटातल्या फरकाचे नाही. वर्तुळ, पिंजरा, प्रशिक्षक आणि अन्न यांच्या टंचाईचे ते माप आहे.

पिंजऱ्याचा उल्लेख वारंवार केला, त्याला कारण आहे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये केरळमधील पाला येथे राज्य पातळीवरील कुमार गटाच्या मैदानी स्पर्धा चालू होत्या. भालाफेक आणि हातोडाफेक एकाच वेळी चालवली गेली. भाले गोळा करायला उभ्या असलेल्या एका शाळकरी स्वयंसेवकाच्या डोक्यात हातोड्याचा गोळा बसला आणि पुढे तो मुलगा दगावला. नियम मोडून, पैसे वाचवून, उरकून टाकण्याच्या वृत्तीने खेळ घेतला की असे होते. म्हणून मागणी करताना 'काहीही द्या' अशी मागणी करू नये. 'नियमाप्रमाणे द्या' अशी मागणी करावी. आपल्या मुलांचा जीव स्वस्त नाही.

मग करायचे काय? रडगाणे गाऊन काही मिळत नाही, हे चळवळीने आपल्याला शिकवले आहे. काही गोष्टी हातात आहेत.

पहिली गोष्ट. २००१ च्या राज्य क्रीडा धोरणाने विभाग, जिल्हा आणि तालुका पातळीवर क्रीडा संकुलांची कल्पना मांडली. तुमच्या तालुक्याच्या संकुलात जा. फेकीचे वर्तुळ आहे का? जाळीचा पिंजरा आहे का? असल्यास किती वाजता, कुणासाठी उघडतात? नसल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करा आणि लेखी उत्तर घ्या. पुण्याच्या बालेवाडीचे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले, मोठे आहे, पण इंदापूरच्या मजुराच्या मुलीला ते शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. जे तालुक्यात नाही ते तिच्यासाठी नाहीच.

दुसरी गोष्ट. शाळकरी मुलांना मोठ्यांचा हातोडा द्यायचा नसतो. अठरा वर्षांखालील मुलींसाठी ३ किलो आणि मुलांसाठी ५ किलो असे वजन ठरलेले आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षी गिरकी शिकवायला सुरुवात झाली तर पंचविशीत खेळाडू पिकतो. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत निवड चाचण्या होतात, तिथे निवास आणि शिक्षणाची सोय असते. समाजकल्याणच्या वसतिगृहांतली, आश्रमशाळांतली किती मुले या चाचण्यांना जातात? वसतिगृहाच्या गृहपालाला आणि शाळेच्या क्रीडाशिक्षकाला हा प्रश्न पालकांनी विचारला पाहिजे.

तिसरी गोष्ट. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. म्हणजे अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त अशा प्रत्येक प्रवर्गात खेळाडूंचा वाटा आहे. या वाटणीवर बोगस प्रमाणपत्रांचा डल्ला मारला गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. कधी मैदान न पाहिलेल्यांनी नोकऱ्या बळकावल्या आणि खरा खेळाडू रिकाम्या हाताने राहिला. प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयात होते. आपल्या मुलाने खेळलेल्या प्रत्येक स्पर्धेचा कागद जपून ठेवा. घामाचा हिशोब कागदावर नसेल तर तो दुसऱ्याच्या नावावर चढतो.

आणि चौथी गोष्ट समाजाने स्वतःच्या बळावर करायची. जयंतीला आपण लाखो रुपये जमवतो. डीजेच्या भिंती उभ्या करतो. त्यातला एका वर्षाचा एक वाटा बाजूला काढला तर एका वस्तीत एक सिमेंटचे वर्तुळ आणि चार हातोडे येतात. पिंजऱ्यासाठी नगरपालिका, पंचायत समिती यांच्याकडे मागणी लावून धरता येते. निवृत्त सैनिक, निवृत्त पोलीस आपल्या वस्त्यांत आहेत. सकाळी दोन तास त्यांनी मुलांना दिले तर समता सैनिक दलाच्या शिस्तीची आठवण नव्या रूपात जागी होईल. १४ एप्रिलला मिरवणूक जरूर निघावी, पण त्या आठवड्यात तालुका पातळीवर मैदानी स्पर्धाही व्हाव्यात, आणि त्यात मुलींची संख्या मुलांइतकी असावी.

प्रवीणकुमार सोबती यांनी १९६६ साली मिळवलेले पदक हे राष्ट्रकुल स्पर्धांतले भारताचे हातोडाफेकीतले पहिले पदक. २०२२ च्या बर्मिंगहॅमपर्यंत त्यात दुसऱ्याची भर पडली नाही. छप्पन्न वर्षे! सव्वाशे-दीडशे कोटींच्या देशात, जिथे निम्मी लोकसंख्या अंगमेहनतीवर जगते, तिथे सात किलोचा गोळा सत्तर-ऐंशी मीटर फेकणारा माणूस नाही, असे कोण म्हणेल? तो आहे. तो कुठल्या तरी खडी क्रशरवर उभा आहे. ती कुठल्या तरी उसाच्या फडात मोळी बांधते आहे. त्यांना शोधायला कुणी गेलेले नाही.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हा मंत्र आपल्याला मिळाला तेव्हा शाळेचा दरवाजा उघडायचा होता. तो पुष्कळसा उघडला. मैदानाचा दरवाजा अजून अर्धवट लोटलेला आहे. टीव्हीवरच्या गदेला टाळ्या वाजवणारे हात पुष्कळ झाले. आता आपल्या पोरीच्या हातात तीन किलोचा हातोडा द्या, तिला वर्तुळात उभी करा आणि फेक मोजायला मोजपट्टी घेऊन उभे राहा. मोजपट्टीला जात कळत नाही. पण तिच्यापर्यंत पोहोचायला मैदान लागते, आणि ते मैदान मागून नव्हे, हक्क सांगूनच मिळेल.

जयभीम!